ठेकेदाराचा वाटा

३ नोव्हेंबर, रविवार

पहिला बार्बेक्यू फसला. कोंबडीला आगगाडीच्या इंजिनासारखा वास आला.

चूक माझीच. शेजारच्या वच्छलाकाकूंच्या सिगडीतला दगडी कोळसा मागून आणला आणि तोच पेटवला. व्हिडिओत नुसतं ‘कोळसा’ म्हटलं होतं, आणि आमच्या जिल्ह्यात कोळसा म्हटलं की खाणीतलाच डोळ्यासमोर येतो. काकू कुंपणावरून पाहत होत्या. म्हणाल्या, "रिना, कोंबडी भुंजून राह्यली का विटा?"

आम्ही सगळ्यांनी एकेक तुकडा तोंडात घातला आणि बाहेर काढला. ठेकेदाराने मात्र सगळ्यांचे उरलेले खाल्ले आणि वर गरम जाळी चाटायला गेला. जीभ पोळली. केकाटला. पुन्हा गेला.

ठेकेदार म्हणजे आमचा कुत्रा. हे नाव बाबांनी दिलं. गल्लीत कोणाची बोअर असो, नाली असो की घराचा स्लॅब, हा सकाळपासून तिथे जाऊन बसतो. काही करत नाही, फक्त पाहतो आणि मजुरांची जेवणाची सुट्टी झाली की आपला हिस्सा घेऊन परत येतो. त्याला न आवडणारा पदार्थ मला अजून सापडलेला नाही. कारलं खातो. झेंडूची फुलं खातो. गेल्या वर्षी माझी रसायनशास्त्राची गाइड खाल्ली, तरी मी पास झाले.

बार्बेक्यू मी हौसेसाठी करत नाही, बाबांसाठी करते. बाबा राइस मिलमध्ये हमाल आहेत. सप्टेंबरात त्यांना टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्यापासून ताप गेला, खोकला जवळजवळ गेला, पण जेवण जात नाही. डॉक्टर मॅडमनी सांगितलं आहे की अंडी, डाळ, मांस खाऊ घाला, वजन वाढलं पाहिजे, त्याशिवाय पोती उचलायचं नाव काढू नका. आईच्या रश्श्याकडे ते पाहतसुद्धा नाहीत. परवा बोलता बोलता म्हणाले, "धान कापाच्या वक्ताले आमी सारे जन बांधावर कोंबडी भुंजो. सारे मिळून खाओ. तशी चव मंग कुठीच नाई भेटली."

मी लगेच ठरवलं की बाबांना भुंजलेली कोंबडी हवी आहे. माझा भाऊ प्रफुल माजरीला एका कंत्राटदाराकडे वेल्डर आहे. दिवाळीला एका दिवसासाठी आला तेव्हा त्याच्याकडून लोखंडी सळ्यांची जाळी करून घेतली.

घरात पदवीधर मी एकटीच. बी.एस्सी., ब्रह्मपुरीहून. म्हणून बाबांच्या आजाराची सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे. पहिल्याच आठवड्यात मी नियम केले. बाबांची खाट बाहेर सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, मोकळ्या हवेत. त्यांचं ताट वेगळं, पेला वेगळा. पेल्यावर मी नेलपॉलिशची लाल खूण केली आहे म्हणजे चुकून कोणी घेणार नाही, आणि तो बाहेरच्या कट्ट्यावरच ठेवतो. बाबांनी एका शब्दाने विरोध केला नाही. असा समजूतदार रुग्ण सगळ्या घरांना मिळावा.


६ नोव्हेंबर

ठेकेदाराला शिस्त लावायचं ठरवलं आहे. जाळीजवळ त्याचं लक्षण ठीक नाही. पेटत्या निखाऱ्यात तोंड घालेल.

आज ‘बस’ आणि ‘थांब’ शिकवलं. हातात पारले बिस्किट धरून बसले. तो बसला. मी ‘थांब’ म्हटलं. तो थांबला. मी दहापर्यंत मोजायला लागले, आठवर त्याने बिस्किट घेतलं, त्याबरोबर माझी बोटंही ओली केली. आई म्हणाली, "त्याले आठच येते. दहा शिकवाले मास्तरीन कमी पडली."

शिक्षणाने बदलत नाही असा प्राणी नाही, यावर माझा विश्वास आहे.


१० नोव्हेंबर, रविवार

आज जमलं! बाभळीचा लाकडी कोळसा आणला. कोंबडीला सकाळीच दही, हळद, आलं-लसूण लावून ठेवलं. तिखट टाकलं नाही, कारण बाबांना अशक्तपणा आहे. मीठही बेताचंच.

धूर बाबांच्या छातीला चांगला नाही म्हणून जाळी परसात मांडली आणि बाबा पुढच्या सपरीत, घराच्या पार दुसऱ्या टोकाला. दुपारीच उरकून घेतो. अंधार पडला की मांसाच्या वासावर बिबट यायचा, आणि तो आला तर कोंबडीवर थांबणार नाही, ठेकेदारापर्यंत जाईल.

ठेकेदार सकाळपासून जाळीला पाठ देऊन बसला होता, जणू त्याला त्यात काहीच रस नाही. लाळेची मात्र खाली तार लागलेली. मी चिमटा उचलला की त्याची मान उचलली जायची. चिमटा ठेवला की मान खाली. आई म्हणे याला बँडमध्ये घाला.

बाबांचं ताट वाढून सपरीत नेऊन दिलं. आम्ही दोघी परसात जेवलो. परत गेले तर ताट लख्ख! एक कण नाही. धुवायची गरज नाही असं चमकत होतं. (तरी गरम पाण्याने धुतलं.)

विचारलं, "कशी झाली बाबा?"

"चांगली झाली."

"अजून देऊ?"

बाबांनी खाटेखाली पाहिलं. "दे ना थोडी," म्हणाले.

मला रडूच आलं. दोन महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा दुसऱ्यांदा मागितलं.


१५ नोव्हेंबर

थुंकीचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह! डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आता यांच्यापासून कोणाला काही होणार नाही. घरात सगळं आधीसारखं चालू द्या. गोळ्या मात्र एक दिवसही चुकवायच्या नाहीत, आणि वजन वाढवा."

येताना पाव किलो जिलेबी घेतली. प्रफुलला फोन करून सांगितलं. आई घरात शिरल्या शिरल्या रडली, मग हसली, मग ठेकेदाराने जिलेबीची पिशवी ओढली म्हणून त्याच्यामागे खराटा घेऊन धावली.

बाबांची जिलेबी त्यांच्या ताटात वाढून सपरीत दिली. ते म्हणाले, "रिपोर्ट चांगला आला म्हनते ना डॉक्टरीन?"

"हाव बाबा, एकदम चांगला."

"मंग आता..." एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचा पेला विसळून कट्ट्यावर पालथा घालत होते. "काई नाई," म्हणाले.

बिचारे. मिलवर कधी जायचं ते विचारायचं असणार.


१७ नोव्हेंबर, रविवार

आज तंगड्या. ताट पुन्हा लख्ख. हाडंसुद्धा शिल्लक नाहीत! बाबांचे दात या वयातही किती मजबूत आहेत. हाडांतून कॅल्शियम मिळतं, ते एक बरंच झालं.

कुत्र्यांना मात्र भाजलेली हाडं देऊ नयेत असं वाचलं. फुटतात आणि घशात अडकतात. म्हणून आम्हा दोघींच्या ताटातली हाडं मी मोजून कागदात बांधली आणि दूर पुरून आले. ठेकेदार उकरायलासुद्धा आला नाही. शिस्त लागते आहे.


२४ नोव्हेंबर, रविवार

आज तर चमत्कारच. जाळीवर कोंबडी चुरचुरत होती आणि ठेकेदार परसात नव्हताच! शोधत पुढे गेले तर हा शहाण्यासारखा बाबांच्या खाटेखाली बसलेला. पुढचे पाय जुळवलेले, कान उभे, हूं की चूं नाही. सुसंस्कृत.

वच्छलाकाकूंना मुद्दाम बोलावून दाखवलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "लयच सुसंस्कृत झाला वो. अन् गोलही."

"थंडीत केस दाट येतात काकू."

"पोटाले?"

काकूंनी ठेकेदाराच्या पाठीवरून हात फिरवला, बाबांकडे पाहिलं आणि काहीतरी बोलणार तर बाबा एकदम खोकले. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच खोकला ऐकला. काळजी वाटली. काकू लगेच निघून गेल्या.


२ डिसेंबर, सोमवार

वाईट दिवस. दवाखान्यात बाबांच्या वजनाचा काटा जागचा हलला नाही.

मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. मॅडमनी मलाच वर उभं केलं. मशीन बरोबर आहे, हे माझ्या लक्षात आलं. (बार्बेक्यूचा परिणाम माझ्यावर झालेला दिसतो.) मग मी म्हटलं, बाबा रविवारी अर्धी कोंबडी खातात, हाडांसकट. मॅडमनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

मॅडम गंभीरपणे बोलल्या. एवढं खाऊनही वजन वाढत नसेल तर आणखी तपासण्या कराव्या लागतील, कदाचित चंद्रपूरला पाठवावं लागेल. आणि पोती उचलायचं काम या अंगाने आता होणार नाही.

येताना ऑटोत बाबा शेजारी बसले होते. त्यांची मनगटं मांडीवर ठेवलेली होती, माझ्याहून बारीक. लहानपणी हीच मनगटं मला खांद्यावर बसवून ब्रह्मपुरीच्या बसमध्ये चढवायची. मला भीती वाटते. हे मी कुठे बोलत नाही, इथेच लिहिते. मी चार पुस्तकं वाचली म्हणून घरातल्यांनी त्यांचा जीव माझ्या हातात दिला आणि मला काहीच येत नसेल तर?

रडून झालं. आता बुधवारीही कोंबडी करायची. अंडी रोज.


६ डिसेंबर

आज महापरिनिर्वाण दिन. विहारात सगळे जमले होते. पांढरे कपडे, मेणबत्त्या. तरुणांतर्फे बोलायला मला सांगितलं होतं. रात्री जागून भाषण लिहिलं होतं, पण तिथे उभी राहिल्यावर कागद पाहिलाच नाही.

मी माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. बाबांनी लहानपणी मला सांगितलेली. आजोबा मालगुजाराच्या वाड्यावर राबायला जायचे. तिथे त्यांच्यासाठी कान तुटलेला एक कप गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलेला असे. आजोबांनी तो स्वतः काढायचा, चहा वरून ओतला जायचा, पिऊन स्वतः धुवायचा आणि परत खोचायचा. एक दिवस बाबा, सहा-सात वर्षांचे, त्यांच्यासोबत गेले होते. बाबांनी विचारलं, हा कप घरात काऊन नाई ठेवत? आजोबांनी कप धुऊन परत खोचला. पण त्या दिवसानंतर ते त्या वाड्यावर कधी चहा प्यायले नाहीत. तहान लागली तरी घरी येऊन पाणी पीत.

मी म्हटलं, माणसाला उपाशी ठेवलं तर त्याचं पोट दुखतं, पण वेगळं बसवून खाऊ घातलं तर जे दुखतं त्यावर औषध नाही. खूप टाळ्या पडल्या. दोन आज्यांनी डोळे पुसले. आई तर सगळ्यांना सांगत होती, मायी पोरगी आहे, मायी.

बाबा मागे खांबाला टेकून बसले होते. घरी येताना विचारलं, "कसं झालं बाबा?"

"चांगली बोलली."

थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "लय चांगली बोलली तू." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना बापाची आठवण आली असावी, कारण घरी आल्यावर जेवले नाहीत. सपरीत बसून ठेकेदाराशी बोलत होते. मी त्यांचं ताट नेलं, पेला भरून कट्ट्यावर ठेवला, पांघरूण दिलं. आजच्या दिवशी आपण जे बोललो त्याप्रमाणे वागायचा निश्चय करून झोपते आहे.


११ डिसेंबर

मी बाबांवर चिडले. लिहायलाही लाज वाटते.

दुपारी विचारलं, अंडी खाल्ली का. म्हणाले, हाव. विचारलं, मग टरफलं कुठे आहेत. म्हणाले, टाकली. विचारलं, कुठे. म्हणाले, "पोलीस आहे का व तू?"

मी म्हटलं, "बाबा, तुमच्यासाठी आम्ही एवढं करून राह्यलो अन् तुमच्या अंगाले काऊन लागत नाई ते सांगा!" आवाज चढला. बाबा माझ्याकडे पाहतच राहिले. मग हळूच म्हणाले, "खातो ना मी. तू नको रडू."

ठेकेदार खाटेखालून बाहेर आला आणि माझ्या पायाशी येऊन बसला. त्याच्या मिशीला काहीतरी पांढरं लागलं होतं. मी पुसलं.


१५ डिसेंबर, रविवार

कोंबडी केली. मन लागलं नाही. ताट लख्ख.

ठेकेदार आता कुंपणाच्या फटीतून जात नाही. अडकला होता. आईने मागून ढकलला.


२२ डिसेंबर, रविवार

आज सगळं नीट लिहिते, कारण विसरायचं नाही.

प्रफुल सकाळच्या बसने आला. माजरीहून निघून भद्रावती, चंद्रपूर, मूल करत अकराला पोचला. आल्या आल्या जाळी पाहिली, "ताई, तू हिले घासत नाई का?" म्हणून मला बोलला आणि स्वतः निखारे करायला बसला. वारा आज उलटा होता, धूर घराकडून गल्लीकडे जात होता. म्हणून त्याने जाळी उचलून सरळ पुढच्या अंगणात, सपरीसमोर आणली. मी म्हटलं, बाबांना धूर लागेल. तो म्हणाला, "धूर तिकडं जाऊन राह्यला, बाबा इकडं बसून राह्यले. कुठी लागते धूर?"

पहिली खेप झाली. मी बाबांचं ताट आणायला आत गेले. परत येते तर प्रफुलने सगळे तुकडे परातीत काढलेले, परात बाबांच्या खाटेवर ठेवलेली आणि स्वतः मांडी घालून त्यांच्यासमोर बसलेला. कोंबडी फुंकत होता.

"प्रफुल! बाबांचं ताट वेगळं आहे."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? टीबी..."

"रिपोर्ट त क्लिअर आला ना? तूच त फोनवर सांगतली. डॉक्टरीन म्हने सारं पयलेसारखं करा."

मी तोंड उघडलं. उत्तर द्यायचं होतं. मी बी.एस्सी. आहे, माझ्याकडे उत्तर असायला हवं होतं. मी ताट हातात धरून उभी राहिले.

बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. परातीकडे पाहत होते. मग त्यांनी हात पुढे केला, एक तंगडी उचलली, तिच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि खायला लागले. आईही येऊन खाटेच्या कडेला बसली. तिने परातीतला तुकडा घेतला. बाबांनी तंगडी संपवली. दुसरा तुकडा घेतला. चावता चावता त्यांनी तोंड वाकडं केलं.

"रिना, हिच्यात मीठ नाई व. अन् तिखट त नावालेही नाई. कोंबडी आहे का भोपळा?"

सहा आठवडे मी दर वेळी विचारते आणि बाबा दर वेळी ‘चांगली झाली’ म्हणतात. आज पहिल्यांदा त्यांनी नाव ठेवलं. आज पहिल्यांदा ते ती खरंच खात होते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण ते मला ठेकेदाराने सांगितलं.

तो खाटेखाली त्याच्या नेहमीच्या जागेवर बसला होता. पुढचे पाय जुळवलेले, कान उभे. बराच वेळ थांबला. वरून काही येईना. तेव्हा बाहेर आला, बाबांसमोर बसला, त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवला. बाबा खातच राहिले. त्याने दुसरा पंजा ठेवला. मग एवढ्या आठवड्यांची सगळी सभ्यता सोडून असा भुंकला की वच्छलाकाकू कुंपणावर आल्या. बिल अडकलेला ठेकेदार ऑफिसात ओरडतो तसा.

बाबा दबक्या आवाजात त्याला म्हणाले, "जाय ना बे. आज नाई."

प्रफुलने हातातला तुकडा परातीत ठेवला.

"आज नाई?" प्रफुल म्हणाला. "मंग रोज काय, बाबा?"

बाबांच्या तोंडात घास होता. कुंपणावरून काकू म्हणाल्या, "मी तवाच बोलनार होती श्रीहरीभाऊ, पन तुमी खोकलले."

प्रफुल हसायला लागला. आई हसली. ती म्हणाली, "थोडासा भात देते म्हनून मले मालूम होतं. पन सारी कोंबडी? बाप्पा!" मला हसावं की रडावं कळत नव्हतं. मी विचारलं, "बाबा, हाडंसुद्धा?"

"हाडं त त्याचीच होती ना व."

"अन् अंडी?"

"टरफलासकट खाते तो. लय चांगला खाते." ठेकेदाराचं कौतुक करताना त्यांचा चेहरा उजळला, मग माझ्याकडे पाहून पडला. "तू एवढी मेहनत करून राह्यली. म्हनून नाई सांगतलं."

"पण बाबा, खायचं काऊन नाई?"

त्यांनी बोटं परातीच्या काठाला पुसली. "तिकडं तुमी बसा, इकडं मी एकटा. घास घ्याले जावो त उतरतच नव्हता. हा बसे जवळ. मंग एक घास मी घेओ, चार याले देओ." थोडं थांबून म्हणाले, "तू शिकलेली आहे. तू केलं ते माह्यासाठीच केलं."

ते एवढंच बोलले. अजून काही बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

कट्ट्यावर त्यांचा पेला पालथा होता. लाल खूण वर. सहा डिसेंबरला मला किती टाळ्या पडल्या होत्या ते आठवलं, आणि बाबा मागे खांबाला टेकून बसले होते ते. आजोबांनी निदान तो कप दुसऱ्याच्या दारात सोडून दिला होता. त्यांना पाणी प्यायला घर होतं.

मी पेला उचलला, आत नेला आणि मांडणीत बाकीच्या पेल्यांमध्ये ठेवला. बाहेरून बाबांचा आवाज आला, "रिना! कुठी गेली व? तिखट-मीठ घेऊन ये लवकर, हा प्रफुल सारी संपवून राह्यला!"

तिखटाचा डबाच घेऊन गेले. खाटेवर चौथी जागा नव्हती. बाबा सरकले.


२३ डिसेंबर

प्रफुल परत गेला. जाताना म्हणाला, ताई, चेहरा नको पाडू, तुझ्यामुळे टीबी त गेला. मी म्हटलं, टीबी गोळ्यांमुळे गेला. तो म्हणाला, गोळ्या रोज कोण देते? मग बसमध्ये चढून खिडकीतून ओरडला, "पन कोंबडीत मीठ टाकत जाय!"

बाबांना नीट माफी मागायला गेले. वाक्य तयार केलं होतं. ते म्हणाले, "हे भाषन आहे का व?" आणि मटार सोलायला दिले.


२९ डिसेंबर, रविवार

अंगणात कोंबडी. झणझणीत. बाबांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी म्हणाले, आता झाली कोंबडी. वच्छलाकाकूंनाही बोलावलं. एकच परात, चार हात. काकूंनी धान कापणीच्या जुन्या गोष्टी काढल्या, बाबांनी त्या दुरुस्त केल्या, दोघे भांडले. भांडता भांडता बाबा किती खाऊन गेले ते त्यांनाही कळलं नाही. मी मोजत नव्हते. शपथ.

ठेकेदार डाएटवर आहे. डाळ-भात, तोही बेताचा. तो आमच्याशी बोलत नाही. गल्लीच्या टोकाला नालीचं काम निघालं आहे, सकाळीच तिकडे ड्युटीवर जातो. खाटेखाली बसणं त्याने सोडलं आहे. शिस्त मी लावली होती असं मला वाटायचं. ती पगारी होती.


१३ जानेवारी, सोमवार

काटा हलला! दोन किलो आणि वर थोडं. मॅडमनी पुन्हा मशीनवर उभं केलं, खिसे तपासले. बाबांच्या खिशात एक सुपारी निघाली. मॅडम म्हणाल्या, सुपारीचं वजन वजा करू, तरी चांगलं आहे. चंद्रपूरला जायची गरज नाही. मार्च सरल्यावर हलकी कामं करता येतील, पोती नंतर बघू.

मॅडमनी विचारलं, जेवणात काय बदल केला? मी खरं सांगितलं. म्हटलं, मॅडम, तुम्ही सांगितलं होतं की सगळं आधीसारखं करा. ते करायला मला महिनाभर उशीर झाला. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग बाबांना म्हणाल्या, "काका, मुलीला ओरडलात की नाही?"

बाबा म्हणाले, "तिच्या कोंबडीले ओरडलो ना."


१९ जानेवारी, रविवार

आज दुपारी पाहुणे नव्हते, आम्हीच. जाळीवर शेवटच्या दोन तंगड्या राहिल्या होत्या. बाबांनी स्वतः चिमट्याने उलटल्या, तिखट भुरभुरलं आणि परातीत काढून फुंकत बसले. "ही मायी," त्यांनी मोठ्या तंगडीकडे बोट दाखवून जाहीर केलं. आई म्हणाली, घ्या बाप्पा, कोन घेते तुमची.

ठेकेदार नालीच्या कामावरून परत आला होता. अंगणात चिमणीकडे पाहत उभा होता. बाबा पाण्याचा तांब्या घ्यायला वळले, तेवढ्यात काय झालं ते मी पाहिलंच नाही. परात वाजली. ठेकेदार फाटकाबाहेर होता आणि त्याच्या तोंडात मोठी तंगडी.

मी ‘थांब’ म्हणून ओरडले. तो थांबला नाही. आई खराटा शोधू लागली. आणि बाबा, ज्यांना नोव्हेंबरात फाटकापर्यंत जायचं तर मध्ये एकदा भिंत धरावी लागायची, ते बाबा चिमटा हातात घेऊन धावत सुटले. लुंगी एका हाताने धरलेली, गल्लीतून, वच्छलाकाकूंच्या दारावरून, नालीच्या खोदलेल्या मातीवरून. "पकडा बे त्याले!" मजूर टाळ्या वाजवायला लागले. काकू दारात आल्या. म्हणाल्या, "श्रीहरीभाऊ, देऊन टाका! पयले रोजच त देत होते!"

"पयले देत होतो," बाबा धावता धावता ओरडले, "आता नाई देत! मायी आहे ते!"

तंगडी मिळाली नाही. ठेकेदार पुलाखाली शिरला. बाबा धापा टाकत, लालबुंद होऊन परत आले, कट्ट्यावर बसले आणि पूर्ण पाच मिनिटं त्याला शिव्या देत राहिले. इतक्या रंगीत शिव्या मी त्यांच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या. मी खोकल्याची वाट पाहत होते. खोकला आला नाही.

दम परत आल्यावर त्यांनी परातीत पाहिलं, उरलेल्या लहान तंगडीवर हात ठेवून झाकली आणि माझ्याकडे संशयाने बघितलं.

"दुसरी कोंबडी आहे का घरात?"